फोर्ड की होल्डन? ऑस्ट्रेलियातील एका लाडक्या वैराचा इतिहास

१/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियात वाढणाऱ्या मुलापुढे एक प्रश्न फार लवकर येई : फोर्ड की होल्डन? उत्तर त्याने स्वतः निवडलेले असे असे नाही. अंगणात वडिलांची जी गाडी उभी असे, तेच त्याचे उत्तर. आडनावाप्रमाणे ही निष्ठाही वारशाने मिळे.

२/ होल्डनचे चिन्ह सिंह, रंग लाल. फोर्डचे चिन्ह लंबगोल, रंग निळा. दोन्ही गाड्यांच्या मालकांनी पन्नासहून अधिक वर्षे एकमेकांची यथेच्छ थट्टा केली. आज त्या दोन्ही गाड्या ऑस्ट्रेलियात तयार होत नाहीत. वाद मात्र मिटलेला नाही. कारखाने बंद पडल्यावरही टिकून राहिलेल्या या वैराची ही कथा.

३/ आरंभ घोड्यांपासून होतो. १८५६ साली जेम्स अलेक्झांडर होल्डन याने ॲडिलेड येथे खोगिरे व चामड्याचे सामान बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढच्या पिढ्यांनी मोटारींचे सांगाडे बांधण्यास प्रारंभ केला. १९३१ साली हा व्यवसाय अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये विलीन झाला; होल्डन हे नाव तेवढे कायम राहिले.

४/ फोर्डने १९२५ साली जिलाँग येथे बस्तान बसवले. तेथील तरुण अभिकल्पक लुईस बँड्ट याने १९३४ मध्ये पुढे मोटार आणि मागे मालाचा हौदा अशी एकसंध गाडी तयार केली. रविवारी चर्चला जाता यावे आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता यावीत, अशी गाडी एका शेतकऱ्याच्या पत्नीने पत्र लिहून मागितली होती, असे सांगतात. हीच ऑस्ट्रेलियाची प्रसिद्ध ‘यूट’.

५/ २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफली यांनी मेलबर्नमधील फिशरमन्स बेंड येथे पहिल्या होल्डन मोटारीचे अनावरण केले. महायुद्धातून बाहेर पडलेल्या देशाला ‘आपली स्वतःची गाडी’ मिळाली, अशी भावना त्यामागे होती. थोड्याच वर्षांत होल्डन ही देशातील सर्वाधिक खपाची गाडी झाली.

६/ फोर्डचे उत्तर १९६० साली आले : फाल्कन. मूळची अमेरिकी असलेली ही मोटार ऑस्ट्रेलियाच्या खडबडीत रस्त्यांवर प्रथम टिकेना; तिच्या पुढच्या चाकांची जोडणी खिळखिळी होई. हा डाग पुसण्यासाठी फोर्डने १९६५ साली यू यांग्ज येथील चाचणी मार्गावर फाल्कन गाड्या रात्रंदिवस पळवून मिळून ७०,००० मैलांचे अंतर कापून दाखवले. मजबुती सिद्ध झाली. आता वेग सिद्ध करायचा होता.

७/ त्यासाठी एक डोंगर तयारच होता. सिडनीच्या पश्चिमेला, बॅथर्स्ट शहराजवळ माउंट पॅनोरमा नावाचा मार्ग १९३८ पासून आहे. लांबी सुमारे ६.२ किलोमीटर, सर्वांत खालच्या आणि वरच्या बिंदूंत १७४ मीटरचा फरक. शर्यत नसते तेव्हा तो साधा सार्वजनिक रस्ता असतो. कोणीही आपली गाडी घेऊन, अर्थात वेगमर्यादा पाळून, त्यावर फेरी मारू शकतो.

८/ १९६३ पासून येथे ५०० मैलांची शर्यत भरू लागली. १९७३ पासून ती १,००० किलोमीटरची झाली. सुरुवातीच्या काळातील तिचा नियम फार महत्त्वाचा होता. दुकानात सर्वसामान्य ग्राहकाला मिळणारी मोटारच तेथे धावू शके. खास शर्यतीसाठी घडवलेले यंत्र चालत नसे. जिंकायचे असेल, तर कंपनीला तशी वेगवान गाडी आधी लोकांना विकावी लागे.

९/ मालकांच्या अभिमानाचे मूळ या नियमात आहे. रविवारी दूरचित्रवाणीवर जी गाडी डोंगर जिंकताना दिसली, तिचीच जुळी बहीण सोमवारी शेजाऱ्याच्या फाटकात उभी असे. विजय कंपनीचा असे, तसाच शेजाऱ्याचाही असे. पराभवाचा टोमणा मग कुंपणावरूनच ऐकावा लागे.

१०/ १९६७ साली हॅरी फर्थ आणि फ्रेड गिब्सन यांनी फाल्कन जीटी ही व्ही-८ इंजिनाची मोटार विजयी केली. होल्डनने पुढच्याच वर्षी मोनॅरो ही दोन दरवाजांची दणकट गाडी उतरवली आणि १९६८ व १९६९ अशी दोन्ही वर्षे बाजी मारली. येथून ‘तुझी की माझी’ हा वाद खऱ्या अर्थाने पेटला.

११/ यात एक विसंगती दडलेली होती. ‘आपली’ म्हणवल्या जाणाऱ्या त्या मोनॅरोमध्ये अमेरिकी शेवरोलेचे इंजिन होते. दोन्ही कंपन्यांची मालकी डेट्रॉइटच्या परिसरातून चाले. ऑस्ट्रेलियन माणसाने दोन अमेरिकी उद्योगांमधील स्पर्धा उचलली आणि ती इतकी आपलीशी केली की तिचे परकेपण कोणाला जाणवेना. गाड्यांचे भांडवल परके होते. भांडण मात्र अस्सल स्थानिक होते.

१२/ १९७१ साली फोर्डने फाल्कन जीटीएचओ फेज थ्री आणली. ५.८ लिटरचे व्ही-८ इंजिन, चार दरवाजे, मागे मुलांना बसायला ऐसपैस जागा आणि ताशी सुमारे २२८ किलोमीटरचा वेग! अशा सुमारे ३०० गाड्याच निघाल्या. त्या वर्षी ॲलन मॉफॅट याने याच मोटारीने बॅथर्स्ट जिंकले. मूळचा कॅनडाचा हा चालक फोर्डवाल्यांचा नायक ठरला.

१३/ होल्डनने दुसरा मार्ग धरला. टोराना जीटीआर एक्सयू-१ ही लहान, हलकी गाडी. इंजिन सहा सिलिंडरचे, अवघे ३.३ लिटरचे. कॉनरॉड स्ट्रेट या लांब सरळ उतारावर फाल्कन तिला सहज मागे टाकी. डोंगरमाथ्यावरच्या अरुंद वळणांत मात्र टोराना चपळ ठरे. तिचे टायर आणि ब्रेकही कमी झिजत.

१४/ मालकांमधील वादाला त्यामुळे तात्त्विक धार आली. ताकद मोठी की चपळाई? १९७२ साली पावसात भिजलेल्या मार्गावर सत्तावीस वर्षांच्या पीटर ब्रॉक याने एकट्याने टोराना चालवून शर्यत जिंकली. होल्डनवाल्यांना उत्तर मिळाले. फोर्डवाल्यांना सबब मिळाली : पाऊस!

१५/ त्याच १९७२ साली या शर्यतीच्या गाड्यांवर संकट कोसळले. ताशी १६० मैल वेगाच्या गाड्या लवकरच सामान्य रस्त्यांवर येणार, अशा आशयाची बातमी जून महिन्यात सिडनीच्या एका वृत्तपत्रात झळकली. न्यू साउथ वेल्सचे परिवहनमंत्री मिल्टन मॉरिस यांनी आवाज उठवला. रस्त्यांवरील अपघातांनी चिंतेत असलेल्या समाजाने तो उचलून धरला.

१६/ काही दिवसांतच कंपन्यांनी माघार घेतली. फोर्डने फेज फोरचा बेत गुंडाळला. होल्डनने टोरानात व्ही-८ बसवण्याची योजना सोडली. शर्यतीचे नियमही बदलले. शर्यतीतली गाडी आणि दुकानातली गाडी यांच्यातील अंतर येथून वाढू लागले. आधीच विकल्या गेलेल्या मोजक्या मोटारी मात्र मालकांसाठी रातोरात अनमोल झाल्या.

१७/ पुढचे दशक दोन्ही बाजूंना आठवणींची शिदोरी देऊन गेले. १९७७ साली मॉफॅट आणि कॉलिन बाँड यांच्या दोन फाल्कन शेजारी-शेजारी धावत अंतिम रेषेवर आल्या. फोर्डवाल्यांच्या भिंतीवर ते छायाचित्र लागले. १९७९ साली ब्रॉक आणि जिम रिचर्ड्स यांनी टोरानातून तब्बल सहा फेऱ्यांच्या आघाडीने विजय मिळवला. त्यातही ब्रॉकने शेवटच्या फेरीत मार्गाचा विक्रम केला. हे छायाचित्र होल्डनवाल्यांच्या भिंतीवर.

१८/ १९८० साली क्वीन्सलँडचा डिक जॉन्सन आपली सगळी पुंजी लावून फाल्कन घेऊन आला. तो आघाडीवर असतानाच वाटेत पडलेल्या एका मोठ्या दगडावर गाडी आदळली आणि मोडली. दूरचित्रवाणीवर त्याला अश्रू आवरेनात. घराघरांतून दूरध्वनी खणखणू लागले. लोकांनी ७०,००० डॉलरहून अधिक रक्कम देऊ केली.

१९/ हेन्री फोर्डचा पणतू एडसेल फोर्ड दुसरा हा तेव्हा फोर्डच्या ऑस्ट्रेलियातील कारभारात होता. लोक देतील तेवढीच रक्कम कंपनी घालेल, असे त्याने जाहीर केले. जॉन्सनने नवी फाल्कन बांधली आणि १९८१ साली जॉन फ्रेंचसह बॅथर्स्ट जिंकले. मोडलेली गाडी एकाची होती. ती पुन्हा उभी केली हजारो अनोळखी लोकांनी. मोटारीच्या कंपनीला ग्राहक मिळतात. येथे तिला आप्त मिळाले होते.

२०/ आता या इतिहासातील एक गंमत. ज्या चालकांसाठी मालक भांडत, ते चालक स्वतः बाजू बदलत. १९६७ साली फोर्डला विजय मिळवून देणारा हॅरी फर्थ १९६९ साली होल्डनच्या संघाचा प्रमुख झाला. १९६९ साली होल्डनमधून जिंकलेला कॉलिन बाँड १९७७ च्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात फोर्डमध्ये होता. खुद्द मॉफॅटनेही १९८७ साली होल्डन चालवली.

२१/ चालकासाठी हा व्यवसाय होता. जेथे चांगली गाडी आणि संधी, तेथे तो जाई. मालकाचे तसे नव्हते. त्याने कर्ज काढून गाडी घेतलेली असे, तिच्यातून लग्नाची वरात आणि बाळाची पहिली फेरी झालेली असे. त्याची निष्ठा पगारावर ठरत नव्हती, म्हणून ती बदलतही नव्हती.

२२/ या निष्ठेची सर्वांत कठीण परीक्षा ब्रॉकनेच घेतली. नऊ वेळा बॅथर्स्ट जिंकणारा ब्रॉक म्हणजे होल्डनवाल्यांचे दैवत. त्याच्या गाडीचा ०५ हा क्रमांक मद्यपान करून वाहन चालवण्याविरुद्धच्या मोहिमेतून आला होता. रक्तातील मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०५ होती. क्रमांक मोहिमेपुरता न उरता त्याची ओळख बनला.

२३/ ब्रॉक होल्डन गाड्यांच्या विशेष आवृत्त्याही तयार करून विकत असे. त्यांत त्याने चुंबक आणि स्फटिक असलेली एक डबी बसवण्यास सुरुवात केली. तिने गाडी अधिक चांगली चालते, असा त्याचा दावा होता. कंपनीच्या अभियंत्यांना तो पटला नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये होल्डनने त्याच्याशी संबंध तोडले. पुढच्या वर्षी ब्रॉक बीएमडब्ल्यूत दिसला. १९८९ साली तर चक्क फोर्डमध्ये!

२४/ होल्डनच्या मालकांपुढे धर्मसंकट उभे राहिले. देव शत्रूच्या देवळात जाऊन बसला, तर भक्ताने काय करावे? फोर्डवाल्यांची अवस्थाही काही वेगळी नव्हती. वर्षानुवर्षे ज्याची टर उडवली, त्याच्यासाठी आता टाळ्या वाजवायच्या होत्या. १९९१ साली ब्रॉक होल्डनकडे परतला, तेव्हा दोन्ही बाजूंना हायसे वाटले असेल.

२५/ हे वैर नेहमीच गोड होते असे मानण्याचे कारण नाही. १९९२ साली जपानी निसान जीटी-आर या मोटारीने सर्वांना मागे टाकले होते. मुसळधार पावसात एकामागून एक अपघात झाले आणि शर्यत थांबवावी लागली. निसानही त्यात मोडली. पण आधीच्या फेरीतील क्रमानुसार तीच विजयी ठरली. जिम रिचर्ड्स आणि मार्क स्केफ व्यासपीठावर आले आणि गर्दीने त्यांची हुर्यो उडवली.

२६/ हा तोच रिचर्ड्स, ज्याने ब्रॉकसह होल्डनमधून सलग तीन वर्षे हा डोंगर जिंकला होता. त्याच शर्यतीत त्याचा मित्र, १९६७ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता डेनी हल्म, गाडी चालवत असताना हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावला होता. दुःखाने आणि संतापाने पेटलेल्या रिचर्ड्सने व्यासपीठावरूनच गर्दीला शिवी हासडली. एरवी एकमेकांवर ओरडणारे लाल आणि निळे त्या दिवशी तिसऱ्यावर ओरडताना एक झाले होते.

२७/ त्या दृश्याने या स्पर्धेचे खरे स्वरूप उघडे केले. फोर्डवाल्याला होल्डनचा पराभव हवा होता; होल्डन नसलेले जग त्याला नको होते. आपला वैरीही आपल्या घरचाच, अशी ही भावना. तिच्यात जिव्हाळा होता, तसाच परक्याविषयीचा आकसही होता. १९९३ पासून नियम बदलले आणि पुढे अनेक वर्षे मुख्य शर्यत व्ही-८ इंजिनाच्या फोर्ड आणि होल्डन या दोघींपुरतीच राहिली.

२८/ १९९६ साली तरुण क्रेग लाउंड्स होल्डनमधून बॅथर्स्ट जिंकला. ब्रॉक त्याचा मार्गदर्शक होता. लोक त्याला ब्रॉकचा वारस मानू लागले. २००१ साली हा वारसही फोर्डमध्ये गेला. जुन्या जखमेवरची खपली निघाली. लाल टोप्यांच्या गर्दीत त्याच्या नावाने बोटे मोडली गेली.

२९/ ८ सप्टेंबर २००६ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका रॅलीत ब्रॉकची गाडी झाडावर आदळली आणि तो जागीच ठार झाला. बॅथर्स्टच्या विजेत्याला यापुढे पीटर ब्रॉक चषक देण्याचे ठरले. बरोबर एका महिन्याने, ८ ऑक्टोबरला, शर्यत झाली. सुमारे अर्ध्या सेकंदाच्या फरकाने होल्डनला मागे टाकून तो पहिला चषक जिंकला क्रेग लाउंड्स आणि जेमी व्हिंकप यांनी. त्यांची गाडी होती फोर्ड फाल्कन.

३०/ होल्डनच्या सर्वांत मोठ्या नायकाच्या नावाचा पहिला चषक फोर्डने न्यावा, याहून बोचरा टोमणा कुंपणावरून कधी आला नव्हता. पण तो घेताना लाउंड्स रडत होता, आणि ते अश्रू कोणत्या रंगाचे हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. ज्याचा ब्रॉकवर सर्वांत अधिक हक्क होता, त्याच्याच हाती तो चषक आला होता.

३१/ यानंतरचा इतिहास उतरणीचा आहे. लहान देशांतर्गत बाजारपेठ, महागडे ऑस्ट्रेलियन चलन, आयात गाड्यांवरील घटलेले कर आणि मोठ्या मोटारींऐवजी उंच एसयूव्हींकडे वळलेला ग्राहक, अशा अनेक कारणांनी कारखाने परवडेनासे झाले. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी ब्रॉडमेडोज येथे शेवटची फाल्कन बाहेर पडली. तो शुक्रवार होता. त्याच रविवारी बॅथर्स्टची शर्यत होती. ती होल्डनने जिंकली.

३२/ एक वर्षाने, २० ऑक्टोबर २०१७ रोजी, ॲडिलेडजवळच्या एलिझाबेथ येथील होल्डनचा कारखाना बंद झाला. त्याबरोबर ऑस्ट्रेलियातील मोटारींचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनही संपले. जनरल मोटर्सची ही माघार जागतिक होती. त्याच २०१७ साली कंपनीने भारतातील विक्री थांबवली. पुण्याजवळचा तळेगावचा कारखाना त्यानंतर केवळ निर्यातीसाठी चालला आणि २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादनही थांबले.

३३/ १७ फेब्रुवारी २०२० रोजी होल्डन हे नावच बाजारातून काढून घेत असल्याची घोषणा झाली. खोगिरांच्या दुकानापासून सुरू झालेला प्रवास १६४ व्या वर्षी थांबला. २०२२ हे होल्डनचे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य शर्यत मालिकेतील अखेरचे वर्ष. त्या वर्षीचे बॅथर्स्टही होल्डननेच जिंकले. २०२३ पासून तेथे फोर्ड मस्टँग आणि शेवरोले कॅमारो धावतात. दोन्ही नावे अमेरिकेची.

३४/ जुन्या गाड्यांचे मोल मात्र वाढतच गेले. २०१८ साली एक फेज थ्री फाल्कन लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. ती एके काळी जेफ थॉमसन याच्या मालकीची होती. होय, फलंदाजांच्या उरात धडकी भरवणारा तोच वेगवान गोलंदाज. मैदानावर वेग आणि घरीही वेग!

३५/ ज्यांच्याकडे लाखांची गाडी नाही, त्यांनीही वारसा सोडलेला नाही. सुट्टीच्या दिवशी जुन्या मोटारींचे मेळावे भरतात. एका रांगेत फाल्कन, दुसऱ्या रांगेत कमोडोर. बॉनेट उघडे आणि तोंडेही उघडी. आता नवा सुटा भाग कारखान्यातून येत नाही. जुना शोधावा लागतो, आणि तो कोठे मिळेल हे पुष्कळदा पलीकडच्या रांगेतल्या माणसालाच ठाऊक असते.

३६/ एखादी स्पर्धा नेमकी कोणाच्या मालकीची असते, हा प्रश्न हा इतिहास विचारतो. कंपन्यांनी ती गाड्या विकण्यासाठी सुरू केली आणि तोटा दिसताच सोडून दिली. चालकांनी ती उपजीविकेसाठी खेळली आणि वेळ येताच बाजू बदलली. ती शेवटपर्यंत धरून ठेवली ज्यांनी स्वतःच्या पैशाने गाडी विकत घेतली होती, त्यांनी.

३७/ म्हणून २०२० साली होल्डनचा शेवट जाहीर झाला, तेव्हा फोर्डवाल्याच्याही हातून काही निसटले होते. ज्याला हिणवण्यात उभे आयुष्य आनंदात गेले, तो शेजारी घर सोडून चालला होता. आता कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी त्या जुन्या गाड्या तेवढ्या जपल्या जात आहेत. आणि कोणती गाडी श्रेष्ठ, हा निकाल अजून लागलेला नाही. तो लागू नये, याबाबत मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे.